साठ अंशांवर अडलेला गुडघा

मी एक जुना कोनमापक आहे. तुमच्या कंपासपेटीतला नव्हे हं! मला दोन लांब हात आहेत आणि मी माणसांचे सांधे मोजतो. एका कारखान्यात पारदर्शक प्लास्टिकमधून माझा जन्म झाला. गेली अठरा वर्षं मी फिजिओथेरपिस्ट ताईंच्या खिशात राहतो. माझे आकडे पुसट झालेत, तरी ताई मला टाकत नाहीत.

मित्रांनो, फरशी बसवणारे एक काका शिडीवरून पडले. गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून नवं बसवलं. ते छान झालं. पण घरी काकू मायेने दिवसभर गुडघ्याखाली उशी ठेवत. दुखतं म्हणून काका व्यायामाला दांडी मारत आणि ताईंचा फोन आला की सगळं झकास चाललंय म्हणून सांगत.

सहा आठवड्यांनी काका लंगडत आले. ताईंनी मला गुडघ्यावर धरलं. पाय सरळ होईना आणि साठ अंशांपुढे वाकेना. मला खोटं बोलता येत नाही. ताईंचा चेहरा उतरला.

"उकिडवं बसता आलं नाही, तर मी फरशी बसवणार कशी?" काका हळूच म्हणाले.

उशीमुळे गुडघा सतत वाकलेला राहून आखडला, हे कळताच काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई म्हणाल्या, "काकू, उशी काढू या. माया राहू दे."

गुडघ्याच्या आत जखमेचे कडक धागे वाढले होते. डॉक्टरांनी बारीक छिद्रांतून ते सोडवले आणि दुसऱ्याच दिवशी व्यायाम सुरू झाला. आता काकूच घड्याळ घेऊन समोर बसत. पाय सरळ होऊ लागला. वाकणं ऐंशीवर गेलं, मग शंभरावर, आणि तिथेच तीन आठवडे अडलं. काका वैतागले, म्हणाले की हे मापच बिघडलंय. ताईंनी स्वतःचा गुडघा मोजून दाखवला, तर मी बरोबर एकशे चाळीस दाखवले. काकांना हसू आलं. पुढच्या आठवड्यात एकशे सहा!

वर्षभराने काका हत्यारांची पिशवी घेऊन आले. व्यायामाच्या खोलीत दाराजवळची एक फरशी तडकली होती. ते सावकाश उकिडवे बसले आणि नवी फरशी बसवू लागले. "पुरे आता, उठा," काकू म्हणाल्या. फरशी समपातळीत आल्याशिवाय काका उठले नाहीत.

मित्रांनो, घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं, तर त्यांचे लाड जरूर करा, पण व्यायाम चुकवू देऊ नका. सूज, ताठरपणा लपवू देऊ नका. आकडा कमी आला, तर हवं तर माझ्यावर रागवा; पण मला मोजू द्या.