बापाच्या जागी गवत

आमच्या गावच्या, विस्मारच्या, जुन्या बंदरात पोचले तेव्हा आई माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती. कॉफीच्या डब्यात.

आमच्या देशात मेलेल्या माणसाची राख घरच्यांच्या हातात देत नाहीत. ती हापिसामार्फत दफनभूमीत जाते, शिक्क्यासकट. म्हणून मी आईला सरहद्दीपलीकडे हॉलंडमध्ये नेऊन जाळलं आणि डबा घेऊन परत आले. गुन्हा आहे. असू दे. मरण्याआधी तिनं माझं मनगट धरून सांगितलं होतं, "गेझा, मला हापिसातल्या कुणाच्या ताब्यात देऊ नकोस. तुझ्या हातानं हिनेर्कच्या शेजारी पुर." हिनेर्क म्हणजे माझा बाप. हेरिंग मासे पकडायचा, हेरिंगसारखाच मुकाट होता.

माझा भाऊ हायको धक्क्याला लागलेल्या होडीवर माशाचे पाव घेत होता. तीन घेतले.

"तिसरा कुणाला रे?"

"तिला. कांदा जास्त टाकायला सांगितलाय." त्यानं माझ्या पिशवीवर टपली मारली. "काय गं म्हातारे, प्रवास बरा झाला ना?"

"हळू बोल, गाढवा."

"कोण ऐकतंय? सीगल?"

तिसरा पाव शेवटी त्यानंच खाल्ला, रडत रडत. म्हणाला, कांदा लागला.

दफनभूमीकडे जाताना मारियाच्या चर्चचा मनोरा लागतो. नुसता मनोरा. चर्च माझ्या जन्माआधी सुरुंग लावून पाडलं, मनोरा ठेवला, कारण जहाजांना त्यावरून दिशा कळायची. कामाचं तेवढं ठेवायचं, बाकीचं साफ. या गावाची ही खोड मला त्या दिवशी नीट कळायची होती.

हायको पुढे होता. कोटाच्या आत त्यानं छोटं फावडं लपवलं होतं. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची, आल्ग्रिमकाकांची कबर आली, तिच्या कडेची दगडी चौकट, पिवळी-जांभळी फुलं, सगळं ओळखीचं. त्याला लागून बाबा.

बाबा नव्हता.

गवत होतं. नवं, पोपटी, कालच केस कापून आलेल्या पोरासारखं. दगड नाही, चौकट नाही, दिवा ठेवायचं पितळी घरटं नाही.

"रांग चुकली," मी म्हणाले.

"आल्ग्रिमकाका चुकले का मग?" हायकोचा आवाज चिरकला. "नोव्हेंबरात मृतांच्या रविवारी मी इथं दिवा लावलाय गेझा. इथं. दगडावर हात ठेवून उभा होतो."

तो गुडघ्यावर बसून गवत चाचपायला लागला, अंधारात चष्मा शोधावा तसा. पाठीवरचा डबा एकाएकी मणाचा झाला. तिला आता ठेवू कुठं?

दफनभूमीचा माणूस छोट्या गाडीवरून आला. तरुण, सभ्य. या सभ्यपणाला कानफटवता येत नाही, हीच तर बोंब आहे.

"जागेच्या भाड्याची मुदत संपली होती," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं. वाढवायला कुणी आलं नाही. पत्रं पाठवली, ती परत आली."

येणारच. आई घर सोडून माझ्याकडे राहायला आली तेव्हा हापिसाला कशाला पत्ता कळवेल?

"मग दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवतात ना?" हायको ओरडला. "नातेवाइकांनी भेटावं म्हणून! आम्ही तिचीच तर वाट बघत होतो, दिसली की मुदत वाढवायची! मला कधी दिसली नाही!"

"चिकटवली होती. निघाली म्हणून पुन्हा चिकटवली."

"दगड कुठंय?"

"भरडायला गेला. रस्त्याच्या भरावात घालतात."

"आणि आमचा बाप?"

"ते खालीच आहेत. त्यांना कोण हलवतंय?" असं म्हणून त्यानं टोपीला हात लावला आणि पलीकडच्या रांगेत गेला.

माझ्या बापाच्या दगडावरून कुठंतरी ट्रॅक्टर जातायत. ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज वेळापत्रक वाचल्यासारखा होता.

तेवढ्यात झारी घेऊन आल्ग्रिमकाकू आल्या. आमच्या लहानपणच्या शेजारीण. त्यांच्या दारातला पायपुसणंसुद्धा इस्त्री केल्यासारखं असायचं.

"अगं बाई, गेझा! किती वाळलीस! तुमच्या दगडाचं बघितलंस? मलाही धक्का बसला हो. एवढा चकचकीत ठेवला होता मी."

"तुम्ही?"

"मग कोण? हायको वर्षातून एकदा येणार, तोही दिवा लावून पळणार. पोरांनी दगडावर पिवळं घाणेरडं काहीतरी चिकटवलं होतं. साबणाच्या पाण्यानं खरवडून काढलं. मेल्यांनी परत चिकटवलं! मग ब्रश आणला. रविवारी तुम्ही येणार, दगड स्वच्छ नको?"

हायकोनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"काकू, वाचलं नाहीत त्यावर काय होतं ते?"

"कचरा कोण वाचतं, पोरी?"

"तो कचरा नव्हता! हापिसाची चिठ्ठी होती! तुम्ही माझ्या बापाला पुसून टाकलंत!"

काकूंच्या हातातली झारी कलली. पाणी त्यांच्या बुटात गेलं तरी त्या हलल्या नाहीत. मला दया आली नाही. अजूनही येत नाही. स्वच्छतेच्या नावाखाली या गावात काय काय पुसलं गेलंय, त्याचं खापर त्या एका बाईच्या बोडक्यावर फोडणं बरोबर नाही, हे कळतं. तरी येत नाही.

मी पिशवी उतरवून डबा बाहेर काढला. काकूंनी डबा बघितला, हायकोचं फावडं बघितलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"ग्रेटा?" त्यांनी आईचं नाव घेतलं. मी मान हलवली.

नियम मोडणाऱ्यांची तक्रार करण्यात या बाईचा जन्म गेला. आता पोलिसांना बोलावणार, असं मला वाटलं. त्या वळल्या आणि भिजल्या बुटानं फचफच करत थेट त्या गाडीवाल्याकडे गेल्या. "ए पोरा! नळ गळतोय तो कधी दुरुस्त होणार? आधी इकडे ये, बघ!" त्याला त्यांनी पार टोकाच्या नळापर्यंत नेलं. बोलत राहिल्या, बोलत राहिल्या.

हायकोनं गवताची साय कापून उचलली. खाली काळी माती होती आणि तिच्याखाली बाबा. मी डबा उपडा केला. साय परत बसवली. कडेला थोडी वर राहिली.

काकू परत आल्या. वर राहिलेली कड त्यांच्या डोळ्यात लगेच भरली. बुटानं दाबून त्यांनी ती सपाट केली आणि झारीतलं उरलेलं पाणी वर ओतलं.

"काकू," मी म्हणाले, "इथलं आता काही घासू नका."

"घासायला उरलंय काय, पोरी?"