पळीचा डाग
हिलालने तीस वर्षं चमचे घडवले, आणि त्याच्या आईने जन्मात कधी चमच्याने घास खाल्ला नाही. भाकरी कुस्करायला देवाने पाच बोटं दिलीत, मग मध्ये लोखंड कशाला, असं धुरपदाबाई म्हणायच्या. पण आपला मुलगा इच्छापोरच्या कारखान्यात चमच्यांचं डिझाइन करतो हे गोडादऱ्याच्या वस्तीतल्या शेजारणींना सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा. मायेचं गणित असंच असतं.

पॉलिशच्या खात्यात अंगभर काळा होत होत हिलाल ड्रॉइंगच्या टेबलापर्यंत पोचला होता. चित्र तो डाव्या हाताने काढायचा. जेवण मात्र उजव्या हाताचं. लहानपणी ताटाकडे डावा हात गेला की धुरपदाबाई पळी उलटी धरून बोटांवर मारायच्या. डावा हात जेवायचा नसतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कारखान्यात पळी घेऊन कोणी उभं नव्हतं, म्हणून पेन्सिल तेवढी डाव्या हातात राहिली.

त्याच्या एका चमच्याला प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. त्याची वाटी तोंडाच्या दिशेने किंचित वळवलेली होती, मनगट न वाकवता घास आत जायचा. हिलालला त्याचा फार अभिमान होता.

या वर्षी धुरपदाबाईंना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. डाव्या हाताने त्या जेवेनात. हिलालची बायको उज्ज्वला भरवायला बसली की दोन घासांवर तोंड मिटायचं. ज्या बाईने पाच जणांना भरवून मोठं केलं, तिला आता कुणी भरवलेलं सोसवत नव्हतं. आठवडाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"चमच्याने हात उष्टा होत नही, माय," हिलाल म्हणाला आणि बक्षिसाचा चमचा तिच्या डाव्या हातात दिला. वाटी वळली ती तोंडापासून दूर. सगळी खिचडी साडीवर सांडली. धुरपदाबाईंनी चमचा ताटात ठेवला.

"डावा हातघाई मानूस जेवस का?" त्या पुटपुटल्या. बोटं असोत की चमचा, डाव्या हाताने जेवणं त्यांना मान्य नव्हतं.

हिलालला शरमेने मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत शेकडो हातांत चमचे देऊन पाहिले होते, सगळे उजवेच. ज्या हाताने तो चित्र काढत होता, त्या हातासाठी त्याने एकदाही चमचा काढला नव्हता.

चार दिवसांत त्याने उलट्या वळणाचा चमचा बनवला. दांडी जाड ठेवली, कडेची धार दोनदा घासून काढली. चमचा बिनचूक होता. तरी धुरपदाबाईंनी त्याला हात लावला नाही. नळीला दोन दिवस उरले होते.

रविवारी दुपारी हिलालने दोन ताटं मांडली, आईच्या ताटात नवा चमचा ठेवला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. तसाच आणखी एक चमचा त्याने घडवून आणला होता, तो स्वतःच्या डाव्या हातात घेतला. इतक्या वर्षांनी तो हात न बिचकता ताटाकडे गेला, जणू वाट पाहत बसला होता. एक घास, दोन घास. उज्ज्वला दारात उभी राहून पाहत होती.

धुरपदाबाई त्याच्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक पांढरट डाग होता.

"हाऊ डाग मना पळीना शे ना?" आपल्या माराची खूण त्यांनी ओळखली.

"जुनं शे, माय. जेव, थंडं व्हई ऱ्हायनं."

"तवय दुखनं का तुले?"

लहानपणी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्याने नाही म्हटलं असतं. आता खोटं बोलायची त्याच्यात ताकद नव्हती.

"हा माय. दुखनं."

धुरपदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला उजवा हात उठला नाही. मग त्यांनी डाव्या हाताने चमचा उचलला. पहिला घास अर्धा सांडला. दुसरा तोंडात गेला.

तिसऱ्या घासाला त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. तो डाव्या हाताने जेवत होता. त्या खिचडी खात राहिल्या.