शरयूची नानकटाई

शरयू नानकटाई वाटीनं मोजायची. चाळलेला मैदा वाटीत अलगद भरायचा, वाटी आपटायची नाही. तूप थिजलेलं घ्यायचं आणि थोडं बेसन घालायचं, हे तिचं स्वतःचं. सांगलीच्या गावभागात दिवाळी आली की ओळखीच्या बायका तिच्याकडून मुद्दाम नानकटाई करून घ्यायच्या.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात तिचा नवरा हरी बेकरीतून तराजू आणि वजनं पिशवीत घालून घेऊन आला. तो आप्पासोंच्या बेकरीत गल्ल्यावर बसायचा.

"क्षमाची नानकटाई पसरते म्हणालीस ना? सासरची वाटी मोठी असेल," तो म्हणाला. "वाटी घरोघरी वेगळी. ग्रॅम साताऱ्यात काय नि सांगलीत काय, सारखाच. मी तिला कळवतो."

लेकीसाठी बापाला एवढं सुचलं, याचंच शरयूला अप्रूप वाटलं. ती वाटी भरून द्यायची, तो पारड्यात रिकामी करायचा. एकाच वाटीत मैद्यापेक्षा तूप कितीतरी जड भरलं, तेव्हा दोघंही हसले. बेसन किती, जायफळ किती, मळायचं कसं, सगळं त्यानं विचारून घेतलं. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघरात तो तिच्याजवळ इतका वेळ कधी बसला नव्हता.

दिवाळीला क्षमा साताऱ्याहून आली ती हातात पुडा घेऊनच.

"आई, बाबांच्या बेकरीत अगदी तुझ्यासारखी नानकटाई मिळते! ही रांग लागलीय. खाऊन बघ."

शरयूनं तुकडा तोंडात टाकला. तो जिभेवर विरघळला आणि मागाहून बेसनाची खमंग चव आली. तिनं हळूच विचारलं, "बाबांनी तुला वजनं कळवली होती ना?"

"कसली वजनं?"

तेवढ्यात खुद्द आप्पासो फराळाला आले. नानकटाई दिसताच म्हणाले, "वैनी, तुमच्या मालकांचं डोकं लय भारी हाय. महिनाभर खपून बसवलं बगा त्यांनी हे. आता भट्टी त्यांच्याच हाताखाली."

हरी मान खाली घालून चिवडा खात राहिला.

आप्पासो गेल्यावर तो म्हणाला, "घरातलंच तर आहे. तुझं-माझं वेगळं आहे का? वाटीनं मोजून भट्टी चालत नाही, शरयू."

"मला विचारलं असतंत तर मी दिलं असतं," ती म्हणाली. "हसत दिलं असतं. तुम्ही लेकीचं नाव पुढे केलंत."

"क्षमाला आत्ता सांगतो की. मैदा—"

"नको, बाबा," क्षमा म्हणाली.

त्या दिवाळीत शरयूनं करंज्या केल्या, चकल्या केल्या. बायका आल्या आणि बेकरीच्या नानकटाईचं कौतुक करून गेल्या. "हो, यांनीच बसवलीय," ती म्हणायची. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही.

भाऊबीज झाल्यावर क्षमा निघाली, तशी शरयूनंही दोन लुगडी पिशवीत भरली. वाईला भावाकडे जाते म्हणाली. हरी स्टँडवर आला. त्यानं गर्दीत शिरून दोघींसाठी खिडकीजवळची जागा धरली आणि खाली उतरून उभा राहिला.

"परत कधी येशील?"

"अजून ठरवलं नाही," शरयू म्हणाली.

गाडी सुटली तरी तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.