चिवड्याखालची स्लाइड

शुक्रवारी सकाळी साडेदहाला धाकट्या भावाने, देवव्रतने, नाशिकहून एक फोटो पाठवला आणि गंधारच्या तोंडचं पाणी पळालं. पॅकिंगच्या वेळी काढलेल्या त्या फोटोत स्टीलचा डबा होता, डब्यात पोह्यांचा चिवडा, आणि चिवडा बाजूला सारून दाखवलेली, चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. खाली देवव्रतने आपली पाठ आपणच थोपटून घेतली होती : 'दादा, पॅकिंग बघ. कुण्णाला कळायचं नाही.'

तो डबा त्या घडीला पॉलीनताईच्या बॅगेत होता आणि पॉलीनताई विमानात. मुंबईहून निघून पाऊण तास झाला होता. फोन लागण्याचा प्रश्नच नव्हता, तरी गंधारने तीनदा लावून पाहिला.

ती वस्तू म्हणजे पिस्तुलाची स्लाइड. वरचा, मागेपुढे सरकणारा भाग. पिस्तूल खेळण्यातलं, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारं. पण आकार, वजन, सगळं खऱ्यासारखं. गंधार कतारमध्ये, रास लाफानच्या एका गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर होता. आठवडाभर गॅसचं प्रेशर मोजायचं आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशीही तेच, फक्त पिस्तुलातलं! माणूस एकदा मोजायला लागला की त्याला सुट्टी नसते.

इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला एक इनडोअर शूटिंग क्लब होता. पिस्तुलं क्लबची, परवाना क्लबचा, संध्याकाळी सगळी कुलपात. तिथे दोन पिस्तुलांवरून गंधारची झोप उडाली होती. दोन्ही गॅस ब्लोबॅक, म्हणजे तोच गॅस गोळी फेकतो आणि तोच स्लाइडला मागे ढकलतो, त्यामुळे हाताला खराखुरा झटका बसतो. पहिल्याची स्लाइड जड धातूची. झटका असा की मनगट खूश. पण गॅस पिऊन टाकायचं. भराभर गोळ्या झाडल्या की मॅगझिन गारठायचं, प्रेशर पडायचं, आणि पंधराव्या गोळीला पहिलीचा वेग उरायचा नाही. दुसऱ्याची स्लाइड प्लॅस्टिकची. पंधरा काय, वीस गोळ्या एका वेगाने. पण झटका बेताचाच. गंधारने एक्सेलमध्ये चार महिन्यांचे आकडे भरले होते. नवी स्प्रिंग घालून पाहिली, बॅरल बदलून पाहिलं. निष्कर्ष एकच निघाला : पहिल्या पिस्तुलाला ॲल्युमिनियमची हलकी स्लाइड बसवली की दोन्हींचं सुख मिळेल.

क्लबच्या अम्मारने सांगितलं होतं की पार्ट बाहेरून आणायचा तर परवानगी लागते. तो अर्ज करेल, तीन महिन्यांत होईल, इन्शाल्ला. क्लबची स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. गंधारला तेवढा दम कुठला?

आणि दोह्यातल्या मराठी माणसाला परवानगी कशाला लागते? त्याला एवढंच विचारायचं असतं : कुणी येतंय का? ग्रुपवर एक मेसेज टाकायचा. कुणाची थायरॉइडची गोळी, कुणाचं मेतकूट, कुणाच्या आईने विणलेला स्वेटर, सगळं कुणा ना कुणाच्या बॅगेतून येतं. त्यात पॉलीनताई म्हणजे हक्काची. वसईची, एका हॉस्पिटलात सीनियर नर्स, दोह्याच्या बिन महमूद भागात राहायची. गंधारच्या बायकोचं, आसावरीचं, ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस ती त्यांच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला होती. वर्षातून दोनदा गावी जाई आणि परतताना स्वतःच्या कपड्यांपेक्षा दुसऱ्यांचे डबे जास्त आणी. गंधारने देवव्रतला तिकडे स्लाइड विकत घ्यायला लावली, मंगळवारी वसईला पिटाळलं, नीट पॅक कर म्हणून सांगितलं. त्या शहाण्याने नीट पॅक केलं.

कालच, गुरुवारी संध्याकाळी, पॉलीनताईचा फोन आला होता.

"काय रे गंधार, तुझ्या डब्यात काय हाय नक्की?"

"चिवडा आहे ताई. आणि एक मशीनचा पार्ट. आमच्या प्लांटमधल्या व्हॉल्व्हचा."

"व्हॉल्व्हचा?"

"हो, साधाच आहे. का, वजन होतंय का?"

"नाय, वजनाचं काय नाय," ती म्हणाली होती. मग थोडं थांबून, "अजून काय सांगायचंय का?"

"छे. नीट या."

हे सगळं आता त्याच्या कानात घुमू लागलं. तो हॉलमधून किचनमध्ये गेला, किचनमधून बाल्कनीत, बाल्कनीतून परत हॉलमध्ये.

"बाबा, यू आर गोइंग इन सर्कल्स," सोफ्यावरून नुपूर म्हणाली.

"तू अभ्यास कर."

"इट्स फ्रायडे."

शेवटी त्याने आसावरीला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला, छोटा करून पाहिला, आणि पोळीचं पीठ तसंच टाकून खुर्चीवर बसली.

"हे तिला माहितीये?"

"व्हॉल्व्ह म्हणून सांगितलंय."

"गंधार, हे एक्स-रेत कसं दिसेल?"

त्याला ते चांगलंच माहीत होतं. मशीनपुढे चांदीचा कागद कसला आलाय? चिवड्याच्या पोटात पिस्तुलाचा वरचा भाग स्वच्छ दिसणार. नुसता दिसला असता तर पार्ट म्हणता आलं असतं. लपवलेला दिसला की त्याला वेगळं नाव असतं. ताईचं नर्सिंगचं लायसन्स, नोकरी, व्हिसा, सगळं त्या डब्यात होतं. ती म्हणणार, व्हॉल्व्ह आहे. ते विचारणार, कोण म्हणालं?

"दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच," आसावरी म्हणाली. "ऊठ. एअरपोर्टवर जा. ती बाहेर येण्याआधी तिथल्या कस्टमच्या माणसाला सांग, वस्तू माझी आहे, तिला माहीत नाही. कळलं?"

"कळलं."

"यल्ला, चल! मग बसलायस काय?"

एक वाजता तो आगमनाच्या हॉलमध्ये होता. विमान एक दहाला उतरणार होतं आणि, नेमकं आजच, वेळेवर उतरलं. काचेच्या दारांशेजारी एक काउंटर होतं. मागे गणवेशातला तरुण अधिकारी बसला होता, समोर कागदी कपात चहा. गंधारने मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवलं. मग ते बदललं. 'पिस्तूल' शब्द पहिल्या वाक्यात नको. मग वाटलं, दुसऱ्यात आला तर काय फरक पडणार?

तो दहा पावलं गेला आणि पाण्याची बाटली घ्यायला वळला. बाटली घेऊन परत निघाला, तेवढ्यात काउंटरपाशी एक कुटुंब आलं. म्हटलं, त्यांचं होऊ दे. त्यांचं झालं. मग वाटलं, कदाचित काही होणारच नाही. शंभर बॅगांतल्या किती उघडतात? आपण होऊन सांगायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि सांगितलं की आपली नोकरी, आपला व्हिसा, नुपूरची शाळा... तो खांबाला टेकला, खांबापासून सुटला, पुन्हा टेकला. आसावरीचा फोन आला.

"सांगितलंस?"

"सांगतोय."

त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी साधी, लहानपणी खोटं पकडल्यावर वाटते तशी. पण लाजेने पाय हलत नाहीत. दारं उघडत होती, मिटत होती. माणसं येत होती, मिठ्या मारत होती. एक चाळीस झाले. पन्नास. दोन वाजून पाच मिनिटांनी त्याची खात्री झाली की ताईला आत बसवून ठेवलंय. कॉलर भिजली होती, आणि काउंटरवरचा अधिकारी दुसरा चहा पीत होता.

तेवढ्यात पॉलीनताई बाहेर आली. ट्रॉलीवर दोन बॅगा, खांद्याला पर्स, केस विस्कटलेले. एकटी. गंधारच्या जिवात जीव आला. इतका की तो चक्क हसला.

"ताई! इतका उशीर?"

"बॅग उशिरा आली." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू कसा इथे? आणि घामानं किती भिजलायस."

"तुम्हाला घ्यायला आलो. चला, गाडी आणलीये."

तो ट्रॉलीकडे वाकला. तिने ट्रॉली एवढीशी मागे घेतली.

"बॅगेला हात लावू नको." मग तिने वरची बॅग उघडली, डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. डबा हलका होता. चिवड्याचाच होता.

"तुझा तो 'व्हॉल्व्ह' मेल्विनकडे हाय, माझ्या भावाकडे. देवव्रतला सांग, येऊन घेऊन जा म्हणून."

"ताई..."

"अरे, एवढी वर्षं मी लोकांचे डबे आणते. चिवडा कधी एवढा जड असतो? मंगळवारीच उघडला मी. मेल्विन बोलला, हा पिस्तुलाचा भाग हाय, ह्या पोराला फोन करून शिव्या घाल. मी बोलले, थांब, तो सांगेल. घाबरट हाय, पण सांगेल." तिने बॅगेची चेन ओढून बंद केली. "काल मी फोन केला ना, तेव्हा ती वस्तू माझ्या पुढ्यात टेबलावर होती."

गंधारने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"आज कळलं तुला, काय होऊ शकतं ते?"

त्याने मान हलवली.

"कधीपासून उभा हायेस?"

"एक वाजल्यापासून."

पॉलीनताईने हॉलवर नजर फिरवली. दारं, खांब, काउंटर, काउंटरवरचा चहा पिणारा माणूस. मग पुन्हा गंधारकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे आत मी पकडली गेले असते," ती म्हणाली, "आणि तू इथेच उभा राहिला असतास."

ती मेट्रोच्या दिशेने निघून गेली. ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं. डबा हातात धरून तो पार्किंगमध्ये आला आणि बराच वेळ गाडी चालूच केली नाही.

घरी आसावरीने सगळं ऐकून घेतलं आणि डबा ओट्यावर ठेवून दिला. चिवड्याला कुणी हात लावला नाही. क्लबमध्ये गंधार गेला नाही. अम्मारला मेसेज केला, 'या वेळी स्पर्धेत मी नाही.'

शनिवारी संध्याकाळी मराठी ग्रुपवर पॉलीनताईचा मेसेज आला : 'यापुढे मी कुणाचंही सामान आणू शकणार नाही. राग मानू नका.' बाकी काही नाही. कारण नाही, नाव नाही.

खाली रांग लागली. काय झालं ताई? तब्येत बरी ना? अल वक्र्याला राहणाऱ्या मृणालिनीने लिहिलं की तिच्या आईची औषधं पुढच्या महिन्यात यायची होती, आता काय करायचं? मग संजीव म्हणून एकजण होता, त्याला गप्प बसवत नसे. त्याने लिहिलं : 'प्रमोशन झालंय वाटतं. मोठी माणसं आता डबे कशाला उचलतील!' त्यावर तीन हसरे चेहरे आले. मग चौथा.

गंधार हॉलमध्ये फिरत होता. किचन, बाल्कनी, हॉल. पॉलीनताईने ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याला कुठे दिसणार होत्या? पण ती वाचत असणार. वाचून गप्प बसली असणार. बोलली तर त्याचं नाव येईल म्हणून.

"बाबा, सिट डाउन ना," नुपूर म्हणाली.

तो बसला. फोन घेतला. लिहिलं, 'एक गैरसमज झाला आहे.' ते खोडलं. लिहिलं, 'चूक माझी आहे.' मग हेही काउंटरपासून दहा पावलांवर थांबण्यासारखंच आहे हे त्याचं त्यालाच कळलं, आणि तेही खोडलं. आसावरी दारात उभी राहून बघत होती. तिने या वेळी यल्ला म्हटलं नाही.

'ताईंना मी खोटं सांगून डब्यात पिस्तुलाचा पार्ट पाठवला,' त्याने लिहिलं. 'चिवड्याखाली लपवून. त्यांनी उघडून पाहिलं म्हणून त्या वाचल्या. मी एअरपोर्टवर तासभर उभा होतो आणि कुणाला काही सांगितलं नाही. गंधार.'

त्याने ते पाठवलं. हसरे चेहरे यायचे थांबले. ग्रुपवर कुणीच काही लिहीना, संजीवसुद्धा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गंधार जागेवरून उठला नाही.