बुडबुडा दिसला तिथे गोल

मी एक बाद झालेलं पुस्तक बोलतोय. 'बाद' हा शिक्का माझ्या पहिल्याच पानावर आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयाने तो मारला आणि मला रद्दीत घातलं. बौद्ध तत्त्वज्ञानाची ओळख करून द्यायला माझा जन्म झाला. पण तेवीस वर्षांत मला चारच जणांनी घरी नेलं, तेही परीक्षेपुरतं.

छावणीच्या बाजारात रद्दीच्या ढिगातून मला कडुबाने उचललं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. शिक्षण चौथीपर्यंत. विहारात जे कानावर पडतं ते आपलं आपण समजून घ्यावं, एवढीच त्याची ओढ.

वाचायची रीत त्याने धंद्यातूनच घेतली. ट्यूब पाण्यात दाबून धरायची आणि बुडबुडा दिसला तिथे खूण करायची. माझी वाक्यंही तो तशीच मनात दाबून पाहायचा. जिथून हवा सुटेल तिथे पेन्सिलीने गोल. दिवसाला अर्धं पान.

चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं : 'वस्तू कायम राहते, कारण आपण तिला "ही तीच" म्हणून ओळखतो.' कडुबाने गोल काढून शेजारी आपल्या एका गिऱ्हाइकाबद्दल लिहिलं : 'पुंजारामची सायकल. चेन बदलली, रिमा बदलल्या, सीट बदललं. तरी म्हणतो, हीच माझी जुनी सायकल.' पुढची दोन पानं त्याच्याच बोटांना लागलेल्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटली होती. त्याला ते कळलंच नाही.

तात्यासाहेब, निवृत्त प्राध्यापक, सायकलीत हवा भरायला यायचे. त्यांनी मला चाळलं आणि मोठ्याने हसले.

"अहो कडुबा, हे लेखकाचं मत नाही! आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, मग त्याला उत्तर द्यायचं, अशी रीत असते. तुम्ही पाहुण्यालाच घरमालक समजून भांडताय! गुरूशिवाय हे जमत नसतं."

गिऱ्हाइकंही हसली.

त्या दिवशी कडुबाने मला कॉम्प्रेसरच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. तीन महिने मी ग्रीस पीत पडून होतो. वजनाचं दुःख नव्हतं. त्याची पेन्सिल कानामागे नुसतीच अडकलेली दिसायची, ते बघवत नव्हतं.

एक दिवस त्याची बायको, मालनबाई, डबा घेऊन आली. तिने मला ओढून काढलं.

"हे काय ओ? पुस्तक पायाखाली?"

"मी अडाणी. चुकीच्या मानसाशी भांडत व्हतो."

"आवं, मागल्या चाकाची समजून पुढल्या चाकाची ट्यूब पान्यात धरली, अन् बुडबुडा आला. मंग ते भोक खोटं व्हतं का?"

कडुबाने मला चाळिसाव्या पानावर उघडलं, तेव्हा कुठे पुढची पानं जुळलेली त्याला दिसली. मग पेट्रोलचा बोळा घेऊन त्याने माझी चिकटलेली पानं हळूहळू सोडवली. आत लेखकाचं उत्तर होतं : 'ओळखणं हा पुरावा नव्हे. कापलेली नखं पुन्हा वाढतात, तरी आपण "तीच" म्हणतो.' नखांच्या जागी सायकल ठेवा, उत्तर कडुबाचंच! त्याने ते मालनबाईला तीनदा वाचून दाखवलं.

खाली आणखी एक ओळ होती : 'क्षणोक्षणी सगळं नवं होतं, कालचं काहीच आज उरत नाही.' पेन्सिल कानामागून खाली आली. गोल!

रविवारी तात्यासाहेब आले. "काय, पुन्हा सुरू का?"

"व्हय. हे लेखकाचंच मत हाय, बघून घेतलं. साहेब, कालचं काहीच उरत नाय म्हनं. मंग तीन महिन्यांमागं तुम्ही ज्याला हसलात, तो तर गेला. आज टोचतंय ते कुनाला?"

तात्यासाहेबांनी मला हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. "याला... बघावं लागेल."

"बघा की. तुमच्याकडं लई पुस्तकं हायेत. हवा किती भरू?"

आज कॉम्प्रेसरखाली वीट आहे आणि मी फळीवर. कव्हर गेलंय, पानं काळी पडलीत, पाठ दाभणाने शिवलीय. मला खाकी कागद घालून कपाटात पुजू नका. दाबा, पाण्यात धरा. गोल काढायला कुणाची परवानगी मागू नका.

माझ्या पहिल्या पानावरच्या त्या 'बाद' शिक्क्याभोवतीही कडुबाने एक गोल काढलाय.