हाताचा रंग

कारागिराने रबराची शेवटची पट्टी तिच्या डाव्या मनगटावर दाबून धरली आणि दिवा जवळ ओढला. रंगाच्या नमुन्यांच्या संचातली सर्वांत गडद पट्टी हीच. तरीही मनगटावर ती चिकटपट्टी लावल्यासारखी उठून दिसत होती.

"हीच घ्या," तो म्हणाला. "याच्या पुढे पट्ट्या येतच नाहीत."

"जुळत नाही."

"रंग थोडा उजळ असला तर बिघडत नाही. लोक उलट उजळच मागतात."

"मग त्यांना द्या."

लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करायच्या रुळात तिचा उजवा पंजा गेला, त्याला आठ महिने झाले होते. आज कृत्रिम हाताचं माप झालं. राहिला होता फक्त रंग. शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घट्ट धरून तिची आई बसली होती.

कारागिराने फॉर्म पुढे ओढला आणि रंगाच्या रकान्यात लिहिलं, 'सावळा'.

"काळा लिहा," ती म्हणाली.

"ताई, आम्ही तसं लिहीत नाही. बरं दिसत नाही."

"कोणाला?"

"मागे एकांच्या कागदावर लिहिलं, तर ते भांडायला आले होते."

"त्यांना नको असेल. मी माझं सांगतेय."

त्याने ओठ आवळले, शब्द खोडला आणि तिने सांगितलेला लिहिला. पेनाचं टोक कागदात रुतलं.

"तुम्ही हिचं ऐकू नका," आई म्हणाली. "कोणी चांगलं बोललं की त्याच्या अंगावर जायचं, ही हिची रीतच आहे. ती मधली पट्टी द्या. नवा करायचाच आहे, तर एक हात तरी उजळ होऊ दे."

"एक गोरा, एक काळा घेऊन फिरू? लोक विचारतील, हा कोणाचा उचललास."

कारागिराला हसू आलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, तसं ते तिथेच विरलं.

"लहानपणी साबणाने घासून घासून माझी कोपरं सोलून काढलीस," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता रबराच्याही मागे लागलीस."

"तुझ्या भल्यासाठीच केलं. बघून गेली आणि परत फिरकली नाहीत ती माणसं तू नाही मोजलीस. मी मोजली."

मुलीने मनगटावरची पट्टी सोलून डब्यात टाकली. "पट्ट्यांत नसेल तर रंग कालवून करा," ती कारागिराला म्हणाली.

"कालवायला समोर नमुना लागतो." त्याने तिचा डावा पंजा दिव्याखाली पालथा केला. ब्लीचच्या पाण्याने त्यावर पांढरट चट्टे पडले होते. "यावरून नाही जमणार. दंडाचाही चालत नाही, तो कायम झाकलेला. घरात तुमच्याच रंगाचं कोणी आहे?"

तिने मान आईकडे वळवली. आई खिडकीकडे बघू लागली.

कारागिराचा दिवस माणसांची कातडी बघण्यात जायचा. आईच्या चेहऱ्यावरची पावडर त्याला आल्याआल्याच दिसली होती. ती गळ्याखाली उतरून मनगटांपर्यंत गेली होती. पिशवीचा बंद जिथे घासत होता, तिथे मात्र पावडर पुसून हातावर एक स्वच्छ काळी रेघ उमटली होती.

"मावशी," तो म्हणाला.

"माझ्याकडे काय बघता?"

"काही नाही." त्याने डबा मिटला. "पुढच्या आठवड्यात या. बघू काय करता येतं ते."

मुलगी उठली आणि डाव्या हाताने कागद गोळा करू लागली. दोन निसटून खाली पडले. आईने वाकून उचलले. वरचा फॉर्म तिने वाचला, खोडलेला शब्द आणि त्याच्या पुढचाही. मग कागद टेबलावर ठेवून ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

परत आली तेव्हा तिची बाही कोपरापर्यंत वर सारलेली होती आणि हातावरून पाणी निथळत होतं. तिने पंजा दिव्याखाली पालथा ठेवला.

"बघा. आणि लवकर करा, मला बस गाठायची आहे."

मुलगी तशीच उभी होती. मग तिची सावली टेबलावर पडत होती म्हणून ती एक पाऊल बाजूला सरली.

कारागिराने हात पुसायला कापड दिलं आणि वाटीत रबराचा पांढरा लगदा काढला. तपकिरी रंगाचे थेंब सोडले, लाल थोडा, निळा त्याहून थोडा, मग काळा. ढवळून त्याने एक ठिपका आईच्या हातावर लावला, पुसला, परत थेंब सोडले. तिसऱ्या खेपेला त्याने मान मागे घेतली.

"जुळला."

आई पुढे वाकली. ठिपक्याकडे आणि त्याच्याभोवतीच्या आपल्या हाताकडे ती खूप वेळ बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "अजून उजळ आहे."