गवताचे टायर

टोराने जाण्यापूर्वी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मागे खूण नको.

"जन्मभर तुझ्या बुटांचा चिखल पुसला, ओलुफ. आता माझं काही पुसायची पाळी कुणावर आणू नकोस," ती हसत म्हणाली होती. मार्चमध्ये तिच्या अस्थींचा कलश चर्चमागच्या बिननावाच्या हिरवळीत गेला. तिथे दगड नसतो, पाटी नसते, घरच्यांनाही नेमकी जागा सांगत नाहीत. दफनभूमी सांभाळणारी रेगित्से शाळेत ओलुफच्या वर्गात होती. त्याने विचारलं तेव्हा ती गप्प राहिली, पण तिची नजर उतारावरच्या लिंडनच्या झाडाकडे गेली. ओलुफला तेवढं पुरलं. दर रविवारी प्रार्थना आटोपली की तो त्या झाडाखाली उभा राहायचा आणि टोराचं आवडतं स्तोत्र म्हणायचा. गळा फाटका होता, पण देवाच्या दारी गळ्याची परीक्षा कोण घेतो? भाव असला की झालं.

नेमकं तेच झाड बुरशीने आतून पोखरलं. ऑक्टोबरच्या वाऱ्यात त्याची मोठी फांदी कोसळली आणि उरलेलं झाड एका बाजूला कललं. सर्वसंतांच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचतात, सगळं गाव येतं. त्याआधी झाड काढा, असं चर्चच्या मंडळाने कळवलं. आणि आसपास झाडं उतरवणारे दोघेच, ओलुफ आणि त्याचा मुलगा एस्बेन.

बापलेकांचा ओंडके उचलणारा छोटा लोडर एकच होता, टायरांचे जोड मात्र दोन. एक गवताचे, म्हणजे हिरवळीवर चालवायचे, रुंद, सपाट, उथळ नक्षीचे. लोकांच्या बागेतून ओंडका उचलून न्यावा आणि मागे पाऊलही दिसू नये, अशी ओलुफची ख्याती या टायरांवर उभी होती. दुसरे खोल दातऱ्यांचे, एस्बेनने रानातल्या कामासाठी घेतलेले.

"दातऱ्यांचे चढवू या," एस्बेन शेडमध्ये पाना शोधत म्हणाला. "हवा थोडी कमी करू. एकाच वाटेने सरळ वर, सरळ खाली."

"तिथे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बाबा, आठवडाभर पाऊस पडतोय. खाली चिकणमाती आहे. सपाट टायर म्हणजे त्यावर साबणाची वडी."

"मग फळ्या टाकू."

"उतारावर फळ्या राहतात होय? आपल्याआधी त्याच खाली पोचतील." एस्बेनला हसू आलं, बापाला आलं नाही. "दातऱ्यांचा ठसा उठेल, मान्य. पण ठसा वसंतात भरून येतो. चाक जागच्या जागी फिरलं की खड्डा पडतो. हे मला तूच शिकवलंस."

"मी तुला बरंच शिकवलं. आईच्या अंगावरून नांगर फिरवायला नाही शिकवलं."

एस्बेनने पाना खाली ठेवला. "मग थंडी पडू दे. जमीन गोठली की कुठलेही टायर चालतील."

"आणि रविवारी ते झाड कुणाच्या डोक्यावर पडू देऊ?"

"ठीक आहे," एस्बेन म्हणाला. "लोडर तुझा. बायकोही तुझी."

"तुझी कोणी नव्हती वाटतं?"

गवताचे टायर एस्बेननेच चढवले, एकेक नट नीट आवळून. बोलणं मात्र संपलं.

सकाळी एस्बेनने दोराला लटकून झाड वरून खाली उतरवत आणलं. ओलुफ लोडरच्या चिमट्यात ओंडके धरून रस्त्यापर्यंत नेत होता. सुरुवातीच्या खेपा अलगद झाल्या. गवत दबायचं आणि पुन्हा उभं राहायचं. "बघ रे, केसही वाकडा झाला नाही," ओलुफ ओरडला. एस्बेनने करवतीचा आवाज वाढवला.

मग बुंध्याचा तुकडा आला, सगळ्यात जड, आणि वरून भुरभूर सुरू झाली. बुडख्याजवळून निघता निघता मागचं चाक सरकलं. ओंडका तिथेच टाकायचा, खाली उतरायचं, एवढंच करायचं होतं. दुसरा कुणी चालवत असता तर ओलुफने त्याला शिव्या घालून उतरवलं असतं. पण उताराच्या माथ्यावरून पोरगा बघत होता. ओलुफने पाय दाबला. उथळ नक्षी मातीने लिंपली गेली, चाकं गुळगुळीत झाली आणि फिरत राहिली.

"बाबा, सोड! पाय काढ!"

त्याने पाय काढला तेव्हा चाकं आसापर्यंत रुतली होती. गवताची साल निघून काळी माती वर आली होती. ज्या जागी तो दर रविवारी उभा राहायचा, तिथे दोन खड्डे पडले होते.

एस्बेन खाली आला. हातकप्पीच्या तारेने त्याने लोडर ओढून काढला, हातांनी ढेकळं परत बसवली. "मी सांगितलं होतं," एवढे तीन शब्द तो बोलला असता तर ओलुफला बरं वाटलं असतं.

"आता गवत धरणार नाही," रेगित्से बघून म्हणाली. "वसंतापर्यंत झाकून ठेवते." नोव्हेंबरात तिथे कबरींवर स्प्रूसच्या, सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, हिरव्या डहाळ्या अंथरतात, मातीला पांघरूण म्हणून. तिने त्याच डहाळ्या खड्ड्यांवर नीट रचल्या, कडा सारख्या केल्या. कबरीवर रचायच्या तशाच; तिला दुसरी पद्धत येत नव्हती.

रविवारी पाद्रीबाईंनी नावं वाचली. टोराचं नाव आलं तेव्हा ओलुफने मान खाली घातली. एस्बेन पलीकडच्या बाकावर होता.

बाहेर आल्यावर लोक मेणबत्त्या घेऊन हिरवळीकडे वळले. दर वर्षी कुठे टेकवायची म्हणून इकडेतिकडे बघत उभे राहायचे. यंदा त्या सपाट हिरवळीवर कबरीसारखी दिसणारी एकच जागा होती. पहिली मेणबत्ती तिथे लागली, मग दुसरी, मग सगळ्यांनी तिथेच लावल्या. एका म्हातारीने ओलुफचा हात धरला.

"झाड तुम्हीच काढलंत ना? आणि ही जागाही केलीत. फार बरं झालं हो. आता दरवर्षी इथेच ठेवू सगळे."

ओलुफने स्तोत्राची पहिली ओळ म्हणायला तोंड उघडलं. शब्द होते, सूर लागेना. त्याने एस्बेनकडे पाहिलं. एस्बेन त्या दिव्यांकडे बघत होता. खिशातली मेणबत्ती त्याने बाहेर काढली नाही.